प्लेटखालचा भुगा

हिगाशी-कसाई, तोक्यो
७ सप्टेंबर २०२५

अक्का,

नमस्कार समज आणि पुढं वाच. फोन करत नाही, कारण तुझा फोन असतो सुनेच्या हातात, आणि चैत्राली तो स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसते. माझं बोलणं तिच्या मेथीत पडायला नको. अक्षर चौथीपर्यंतचंच आहे, लावून लावून वाच.

मला काम लागलं. ह्यांच्या हॉटेलच्या मालकानं आम्हाला जी खोली दिलीय तिथून दहा मिनिटांवर, स्टेशनपाशी, कपडे उसवून लहानमोठे करून देण्याचं दुकान आहे. मालकीण ओकुमुरा-सान, पंचाहत्तरीची, काडीसारखी बाई. तीन मशिनी. एकीवर ती, एकीवर सारा, तिसरी मोकळी होती. सारा म्हणजे बाप आपला साताऱ्याचा, आई इथली. तिशी उलटलीय, पदरी एक पोरगी. मराठी येतं, पण एकेक शब्द खडा लागल्यासारखा चावते. म्हातारी आणि मी, दोघींच्या मधे तीच दुभाषी.

पहिल्या दिवशी मी आपली कात्री घेऊन गेले. वाटलं, पँट देईल, निदान पडदा देईल. तिनं हातात ब्रश दिला. दात घासायचा असतो एवढा. सुई काढायची, कापड दाबणारं फूट काढायचं, दोन स्क्रू फिरवून प्लेट काढायची, बॉबिन काढायची, आणि आत साठलेला कापडाचा, दोऱ्याचा भुगा कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या फटीफटीतून झाडून बाहेर. उघडताना एकदा, बंद करताना एकदा. मी म्हटलं, कशाला वेळ घालवता, फुंकर मारली की झालं. मारली. तर बाई अशी किंचाळली जशी मी तिच्या नातवाच्या तोंडावर थुंकले. सारा म्हणते, "काकू, फुंकलं की भुगा आत जातो. आणि तोंडाची वाफ, गंज येतो." तीस वर्षं फुंकतेय मी. माझ्या मशीनला आला का गंज?

मग टॉर्च लावून तपासणी. एक धागा दिसला की परत पहिल्यापासून. तो भुगा कागदात पुडी बांधून ठेवायचा आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या वारीच टाकायचा, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. भुग्याला वार! आणि जाताना म्हातारी मशीनवर कापड पांघरते, वाकते आणि म्हणते, ओत्सुकारेसामा. म्हणजे दमलीस गं बाई. लोखंडाला! मी तोंड दाबून हसते.

तीन आठवडे झाले, एक टाका घालू दिलेला नाही. तू मला मशीनवरून उठवलंस तेव्हा काजं-बटणं तरी दिली होतीस. भज्यांचं मी विसरलेले नाही, हेही वाच.

सिंधू

*

इचलकरंजी
२६ सप्टेंबर २०२५

सिंधू,

पत्र मिळालं. वाचायला दोन दिवस आणि शेजारच्या चित्राचा चष्मा लागला.

जपानला जाऊन झाडू मारतेस हे एका ओळीत लिहिलं असतंस तरी कळलं असतं. मला हसू आलं. ब्लाउजची बाही उलटी लावणारी तू, तुला त्या बाईनं तीन आठवड्यांत बरोबर ओळखलं.

आणि भजी कशाला काढलीस? काढलीस तर नीट काढ. बाळासाहेबांच्या वैभवीचा लग्नातला मोतिया ब्लाउज. पाठीवर काळे तेलकट ठिपके, एक नाही, सात. मशीनवर कोण बसलं होतं? तू. शेजारी भज्यांचा कागद कुणाचा? तुझा. मग हात काय माझे होते? बाळासाहेब दारात उभे राहून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, ते मी ऐकून घेतलं, तू मागच्या खोलीत रडत होतीस. म्हणून उठवलं तुला. तुझं लग्न होईपर्यंत दोन वर्षं बसू दिलं नाही. आजही देणार नाही.

इकडं आईची मशीन रुसलीय. टाके सोडते, दोरा तोडते. दर शनिवारी वरच्या सगळ्या भोकांतून तेल घालते मी, आई घालायची तसं. प्लेट कशाला उघडायची? आईनं कधी उघडली नाही. मेकॅनिक म्हणतो म्हातारी झाली. चैत्राली म्हणते भंगारात द्या, मोटरवाली आणू. मला तिनं डिसेंबरपर्यंत मुदत दिलीय. माझ्याच घरात मला मुदत. माझ्याकडं आता शाळेच्या शर्टांचं काम आहे. मशीन गेली की मी काय करायचं, तिची मेथी निवडायची?

येत्या बुधवारी खंडेनवमी. हे पत्र पोचेल तोवर होऊन गेलेली असेल. मशीन दुसऱ्याची असली तरी हळदकुंकू लावायला विसरली असशील तर तुझं तू बघ.

चंद्रप्रभा

*

हिगाशी-कसाई
१२ ऑक्टोबर २०२५

अक्का,

खंडेनवमी मी विसरले नाही. घरी कात्रीची पूजा केली. काय करायचं ते केलं.

आता ऐक. मला मशीन मिळाली! आणि तीही साराची, दुकानातली सगळ्यात चांगली. म्हातारीनं आपण होऊन दिली. झालं असं की दसऱ्याच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सारानं मशीन सुरू केली आणि खट्टकन आवाज. सुई मोडली, बॉबिनचं घर अडकलं. ओकुमुरा-साननं प्लेट उघडली. आत तेलात चेचलेला तांदळाचा दाणा, आणि लाल लाल भुकटी. आता ही सारा रोज दुपारी भाताचे गोळे खाते, ओनिगिरी म्हणतात, त्यावर कसली तरी लाल आंबट पूड भुरभुरवलेली असते. जेवायला मागं खोली आहे, पण घाई असली की ही बया टेबलापाशी उभी राहून दोन घास मारते, ते म्हातारीनं पाहिलेलं होतं. झालं.

ओरडली नाही. इथं ओरडत नाहीत, फुंकर मारली तरच ओरडतात. तिनं तो दाणा चिमट्यानं कागदावर ठेवला, साराकडं बघितलं, आणि तिला इस्त्रीवर आणि गल्ल्यावर लावलं. सारा एकदाच काहीतरी बोलली. मग इस्त्री लावायला गेली. पुढं पोरांच्या शाळेच्या पिशव्या शिवायचा मोसम येतो, आया रांगा लावतात म्हणे, ते काम दरवर्षी साराकडं असतं. यंदा माझ्याकडं. मी काय करू? मशीन दिली तर नको म्हणू?

तुझ्या मशीनचं सांगते. उघड ती प्लेट. मला तिटकारा आला होता त्या ब्रशचा, पण आठ आठवडे रोज आत बघतेय, आणि एका दिवसात किती भुगा साठतो ते आता कळलं. तुझ्यात तर आईच्या काळापासूनचा असेल. स्क्रू गंजले असतील, तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेव. रंगाचा जुना ब्रश घे, बारीक. सुईनं उकर. फुंकू मात्र नकोस. तुला जमणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिलं.

सिंधू

*

इचलकरंजी
२ नोव्हेंबर २०२५

सिंधू,

जमलं. स्क्रू निघायला दोन दिवस लागले, प्लेट निघाली.

काय होतं आत ते लिहिते. भुगा म्हणू नकोस त्याला. गोधडी होती. तेल पिऊन काळी, घट्ट, दात्यांच्या खाली अशी बसलेली की सुरीनं कापून काढली. खालून कापली तर थर दिसले. वर शाळेच्या शर्टांचा पांढरा, त्याखाली पोलिसांच्या खाकीचा, त्याखाली कसला तरी हिरवा. दोन मोडक्या सुयांची टोकं. आणि तांदूळ. चौदा दाणे मोजले, अख्खे आणि तुकडे मिळून. कुंकू तर किती, बोटं लाल झाली.

आता मी सातवी नापास आहे, पण इतकं मला येतं. माझ्या मशीनवर बसून कधी कुणी भात खाल्लेला नाही. मग तांदूळ आला कुठून? दर खंडेनवमीला आई वाहायची त्या अक्षता. नंतर मी वाहिल्या. सुईच्या भोकातून, प्लेटच्या फटीतून गेल्या आत. लाल कुठून आलं, तेही सांगू का?

तुमची मशीन अडली गुरुवारी सकाळी. खंडेनवमी होती बुधवारी. तू लिहितेस, कात्रीची पूजा केली. तू? जी दिवाळीत सुपालासुद्धा हळदकुंकू लावते, ती फक्त कात्रीवर थांबली? दुकानाची किल्ली कुणाकडं असते गं सकाळी? झाडू मारणाऱ्या बाईकडंच असणार ना?

त्या बाईला मशीनवरून उठवलंय, आणि तिच्या मशीनवर कोण बसलंय? खाण्यावरून उठवलंय तिला. खाण्यावरून. त्या भज्यांवरून तू मला सत्तावीस वर्षं बोल लावतेस ना?

सोबत एक चिंधी आहे, पांढऱ्या मांजरपाटाची. मशीन साफ करण्याआधी चिंधीवर दोन शिलाया घातल्या. आधी साबणानं हात धुतले होते, आणि शेजारी काही खाल्लेलं नव्हतं. बघ आणि ठेवून दे.

चंद्रप्रभा

*

हिगाशी-कसाई
२३ नोव्हेंबर २०२५

अक्का,

चिंधी मिळाली. ठेवून दे म्हणे!

मी मोजले. अकरा ठिपके. तेच. तसेच, खालच्या बाजूनं, दात्यांच्या ओळीत, काळे आणि कडेला पिवळे. वैभवीच्या ब्लाउजवर होते तसे. म्हणजे तू शनिवारी वरून तेल ओतायचीस, ते खालच्या गोधडीनं प्यायचं, आणि कापड वरून गेलं की दाते ते पुसायचे त्याला. मी रडून सांगत होते की भजी खाल्ल्यावर मी हात धुतले. तू म्हणालीस, "खोटं बोलताना तरी तोंडाचा वास लपव." आख्ख्या गल्लीत माझं नाव भजी पडलं. मुलगा बघायला आला तेव्हा ह्यांच्या आईनं मला विचारलं होतं, तूच का ती? आणि तुला चिंधी पाठवायला सुचतं, एक ओळ लिहायला सुचत नाही! शाळेच्या शर्टांवरही पडत असणार हे डाग. तेही तू मला लिहिलं नव्हतंस. पडत होते ना?

हो, मी केली पूजा. तिन्ही मशिनींची. एकीची करून दोघींची नाही असं कसं करायचं? सात वाजता गेले, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. म्हातारीची आणि तिसरी पुसून घेतली. साराची राहिली, तेवढ्यात दार वाजलं. वरवर हात फिरवला आणि बाजूला झाले. त्या संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी टॉर्चची तपासणी झाली नाही, म्हणून साराची प्लेट न उघडताच मी वरून ब्रश फिरवला. मला काय माहीत, दाणा आत जाईल? आणि प्लेट उघडली तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. म्हातारी टॉर्च धरून होती, सारा कागदाकडं बघत होती, आणि मी बघत होते त्या कुंकवाकडं. बोलले असते तर जन्मभर ब्रशच. किंवा घरी. बाहेरची बाई मशिनीत काहीबाही घालते म्हणून.

सारा मला अजून डब्यातला भाताचा गोळा देते. "काकू, घ्या." मागच्या खोलीतच खाते आता, दार लावून.

मला शहाणपण शिकवू नकोस. आधी तू जा. बाळासाहेबांच्या दारात जा, जिथं उभं राहून ते बोलले होते तिथंच उभी राहा, आणि सांग की सिंधूचे हात स्वच्छ होते. तू सांगितलंस की मी सांगते. नाहीतर दोघी गप्प बसू, तू तुझ्या मशीनवर, मी माझ्या.

सिंधू

*

इचलकरंजी
१८ डिसेंबर २०२५

सिंधू,

गेले. चिंधीचा अर्धा तुकडा माझ्याकडं ठेवला होता, तो घेऊन गेले.

बाळासाहेब आता खाटेवरच असतात. वैभवी माहेरी आलेली होती, तिची मुलगी आता लग्नाची आहे. मी दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तेल, भुगा, डाग, तुझे हात. दम लागला मला. बाळासाहेबांनी विचारलं, "कोण सिंधू?" वैभवी म्हणाली, "मावशी, कसला डाग? वर शालू होता, पदर होता, कुणाला दिसणार होता?" आणि मला चहा दिला.

कुणाच्या लक्षात नाही. त्यांच्यासाठी तो एका दिवसाचा तमाशा होता, दुसऱ्या दिवशी जेवणावळी झाल्या. आपण दोघीच तो ब्लाउज आजवर घालून बसलो. मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून आले.

शर्टांवर पडत होते डाग. उन्हाळ्यापासून. मी नव्या तेलाला शिव्या देत होते, दुकान बदललं, दोरा बदलला. प्लेट उघडली नाही, कारण उघडली असती तर काय दिसेल याची मला शंका होती. तुझं पत्र यायच्या आधीपासून होती. हेही लिहून टाकते.

माझं चुकलं. तुझे हात स्वच्छ होते. लिहून दिलंय, फ्रेम करून घे.

मशीन चालते. पाण्यासारखी चालते. चैत्रालीनं आवाज ऐकला आणि भंगारवाल्याला परत पाठवलं, म्हणाली, "आई, मलाही शिकवा उघडायला." मी म्हटलं, आधी ब्रश घे हातात, तीन आठवडे.

आता तू.

चंद्रप्रभा

*

हिगाशी-कसाई
९ फेब्रुवारी २०२६

अक्का,

उशीर झाला. मुद्दाम केला. तुझं पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच आलं होतं, पिशव्यांचा मोसम होता, रोज म्हणत होते उद्या.

सांगायचं तर होतं, पण सांगणार कशी? मला जपानी येतं ते एवढंच, थंडी आहे, किती, धन्यवाद. दुभाषी कोण, तर साराच. म्हणजे तिच्या निर्दोषपणाचं तिच्याच तोंडून सांगायचं. असली फजिती तुझ्या बाळासाहेबांकडं झाली असती का?

दुकान उघडायच्या आधी दोघींना बसवलं. कुंकवाची डबी काढून टेबलावर ठेवली, शेजारी चार अक्षता. म्हटलं, "सारा, मी बोलते तसं सांग. एक शब्द गाळू नको."

"हो काकू."

"त्या दिवशी तुझ्या मशिनीत होता तो तांदूळ माझा. लाल तेही माझं. आमच्यात वर्षातून एकदा मशीनची पूजा करतात. मी चोरून केली आणि तुला उठवलं तेव्हा गप्प बसले."

म्हातारी विचारते, नानी, नानी, म्हणजे काय म्हणतेय ही. सारा मला म्हणाली, "काकू, हे मी सांगू?"

"मग कोण सांगणार? तोंड वाजव."

तिनं सांगितलं. ओकुमुरा-साननं डबी उघडली, बोटावर कुंकू घेतलं, वास घेतला, टॉर्च लावून बघितलं. या बाईला देवासमोर नेलं तरी टॉर्च लावेल. मग उठली आणि सारासमोर कमरेत वाकली, इतकी की मला वाटलं आता उठत नाही. तेवढंच. साराला तिची मशीन. मला ब्रश. महिनाभर तिन्ही मशिनी मी झाडायच्या, टाका नाही. मी एक शब्द बोलले नाही, लिहून ठेव, पुन्हा असं होणार नाही.

सारा आठवडाभर माझ्याशी फक्त जपानीतच बोलली. मला काही कळत नाही हे तिला पक्कं माहीत. माझ्या तोंडावर शिव्या घातल्या असतील तर बरंच झालं. नवव्या दिवशी डबा पुढं केला. "काकू, घ्या." लाल पूड जरा जास्तच घातली होती.

आणि काल काय झालं ते ऐक, मग सांग कोण वेडं. सकाळी गेले तर टेबलावर ताटलीत टोफूची वडी, पांढरी, पनीरसारखी, चांगली खायची. शेजारी धूप. आणि काचेच्या बरणीत वर्षभरात मोडलेल्या सगळ्या सुया. आज सुयांचा दिवस म्हणे. कडक कापडात टोचून टोचून बिचाऱ्या मेल्या, आता त्यांना मऊ ठिकाणी निजवायचं. म्हातारी एकेक सुई घेते, टोफूत खोचते, हात जोडते. सुईला! मोडक्या! आणि माझ्या चार दाण्यांसाठी महिनाभर ब्रश! मी साराला म्हटलं, विचार हिला, हे काय वेगळं करतेय ही? सारा हसत सुटली, विचारलं नाही. म्हातारीला न विचारता कळलं असावं, कारण तिनं डबीकडं बोट दाखवलं, मग मशीनवरच्या पांघरलेल्या कापडाकडं. कापडावर कर, आत नाही. दसऱ्याला कापडावर कर. एवढी अक्कल मला चार महिन्यांपूर्वी दिली असती तर!

बरणीत शेवटी एक सुई उरली. साराची. दसऱ्याच्या दिवशी मोडलेली. सारानं ती चिमट्यानं उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

खोचली. हात जोडले. तो टोफू कुठल्या वारी टाकतात ते मी विचारलेलं नाही.

मग मी डबी उघडली आणि टोफूला कुंकवाचं बोट लावलं. म्हातारीनं वाकून, टॉर्च लावून तो लाल ठिपका बघितला. मग मागं वळून तिनं माझ्या हातात ब्रश दिला. टेबलावर कुंकू सांडलं होतं थोडं.

सिंधू